देहदानाचा फॉर्म भरला, पण घरच्यांना ठाऊक आहे का?

आपल्याकडे माणूस गेला की पहिला प्रश्न असतो, 'गावाहून कोण कोण निघालंय?' धुळे, नंदुरबार, जळगावची मंडळी कडोदऱ्याला पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबतो. नेत्रदान किंवा देहदान करायचे असेल तर नेमका हाच वेळ महत्त्वाचा असतो.

नेत्रदान, अवयवदान आणि देहदान या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होते, मात्र सहा तासांच्या आत. चष्मा किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. नंतर अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे होतात.

किडनी, यकृत यांचे दान घरी गेलेल्या माणसाचे होत नाही. रुग्ण दवाखान्यात व्हेंटिलेटरवर असताना मेंदू मृत ठरावा लागतो. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतात.

देहदान म्हणजे संपूर्ण देह मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देणे. सुरतेत न्यू सिव्हिलचे सरकारी कॉलेज आहे आणि महापालिकेचे स्मीमेर. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोलीत जन्मलेले नानाजी देशमुख 2010 साली चित्रकूटला गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला.

पण प्रत्येक देह स्वीकारला जातोच असे नाही. पोस्टमॉर्टेम झालेले असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर नकार मिळतो. अवयव काढलेला देहही सहसा घेत नाहीत, नेत्रदान केलेले चालते. म्हणून दुसरी इच्छाही सांगून ठेवावी: अग्नी इथेच द्यायचा की गावी न्यायचे?

बँकेत नोकरी करताना मी पाहिले आहे, ठेवीला नॉमिनी असतो पण त्या बिचाऱ्याला खबरच नसते. देहदानाचेही तसेच. फॉर्मवर आपली सही असते, पण फोन करणार मागे राहिलेला माणूस. मुलगा किंवा बायको नको म्हणाली, तर तुमचा फॉर्म दाखवून कॉलेज देह न्यायला येत नाही. साक्षीदार म्हणून घरच्यांचीच सही घ्या, म्हणजे बोलणे आपोआप होते. गावाकडच्या भावालाही सांगा. ऐन वेळी सर्वात मोठा आवाज त्याचाच असतो!

घरातल्या वडीलधाऱ्यांना अडते ते अग्नी न दिल्याने. देह हाती नसेल तर पळसाचा पुतळा करून संस्कार करण्याचा विधी आपल्या शास्त्रात जुनाच आहे. दशक्रिया, गंधमुक्तीही करता येते. मला विचाराल तर पुतळ्याची गरज नाही, पण त्याने कुणाच्या मनाला समाधान मिळत असेल तर वाद घालू नये.

कॉलेजचा आणि नेत्रपेढीचा नंबर, फॉर्मची झेरॉक्स आणि आधार कार्डाची प्रत एका पाकिटात ठेवा. मृत्यूच्या दाखल्यासाठी फॅमिली डॉक्टरचा नंबरही त्यातच असू द्या. पाकीट तिजोरीत नको, फ्रिजवर ठेवा, आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.