पक्षाघातानंतरचे नैराश्य

पक्षाघातातून वाचून आजोबा घरी येतात, पण व्यायामाला नकार देतात, जेवण टाळतात, गप्प बसतात. 'प्रयत्नच करत नाहीत,' असे घरचे म्हणतात. पण हा आळस असेलच असे नाही. पक्षाघात झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. मेंदूची इजा आणि अचानक आलेले परावलंबन, दोन्ही त्याला कारणीभूत असतात.

मन खचले की व्यायाम थांबतो. मेंदूचे शाबूत भाग सरावानेच गमावलेली कामे पुन्हा शिकतात. सराव नसेल तर सुधारणा मंदावते आणि मन आणखी खचते. हे दुष्टचक्र गोळीने तुटते का? ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांना सरसकट फ्लुओक्सेटीन किंवा औषध नसलेली गोळी देऊन तुलना केली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने नैराश्य कमी जणांना आले. पण दैनंदिन कामे करण्याची क्षमता वाढली नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

म्हणून समुपदेशन, गरजेपुरते औषध आणि फिजिओथेरपी यांची सांगड हवी. आज पेला उचलणे, उद्या दारापर्यंत चालणे, अशी आवाक्यातली उद्दिष्टे ठरवावीत. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना दुःख सांगता येत नाही. त्यांची झोप, भूक आणि चेहरा आपणच वाचायला हवा. उदासी दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.