सत्तर पानांचा पुडा आणि ७४ मिलिसेकंद

तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा होतो आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे गोणीत ७०,००० पानं! मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात एखादी बाई दिवसभरात शंभर पुड्यांची पानं तोडते, तेव्हा ७,००० पानं तिच्या हाताखालून जातात. तेंदूची झुडपं बुटकी, त्यामुळे कंबर वाकलेली आणि नजर पानावर. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वनखात्याची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत.

मागे पाचोळा वाजतो आणि हात जागीच थांबतो. काय वाजलं, ते अजून तिला कळलेलंही नसतं.

हे ‘कळण्याआधी’ किती आधी? अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या तारांवरून २०१६ मध्ये ते मोजलं गेलं. घाबरलेला चेहरा दाखवल्यावर अमिग्डला हा मेंदूतला भाग ७४ मिलिसेकंदांत जागा झाला. ताशी ६० किलोमीटरने झेपावणारा वाघ तेवढ्यात जेमतेम सव्वा मीटर पुढे येतो. ‘हा वाघ आहे’ असं मनाशी उमटायला पाव-अर्धा सेकंद लागतो, आणि तोवर त्याने चार ते आठ मीटर कापलेले असतात. भीतीला घाई का, ते या हिशेबात दिसतं.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. बदामाएवढ्या अमिग्डलेत एका बाजूला सव्वा कोटीच्या आसपास. दोन्ही बाजू धरल्या तरी साडेतीन हजारांत एक पेशी! पण भीतीच्या साऱ्या वाटा या बदामातून जातात असं नाही, आणि ज्या जातात त्याही वेगवेगळ्या भागांतून.

प्रयोगशाळेतल्या उंदराच्या कित्येक पिढ्यांनी मांजर पाहिलेलं नसतं. तरी मांजराचा वास आला की तो गोठतो. ही भीती जन्मजात. वास नाकातून अमिग्डलेच्या आतल्या भागात आणि तिथून हायपोथॅलॅमसमध्ये जातो. त्याच उंदराला घंटा ऐकवून लगेच विजेचा झटका दिला, की पुढे नुसत्या घंटेनेही तो गोठतो. ही भीती शिकलेली. तिची वाट अमिग्डलेच्या बाजूच्या भागातून मधल्या भागात जाते. मध्यमेंदूतल्या एका पट्ट्यापाशी दोन्ही वाटा मिळतात आणि तिथून हुकूम सुटतो : थांब! वाटा दोन, दार एक. म्हणून गोठणं दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

अमेरिकेतल्या ‘एस. एम.’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईच्या दोन्ही अमिग्डला आजाराने नष्ट झाल्या होत्या. तिने साप कौतुकाने हाताळला. पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला देताच ती जिवाच्या आकांताने घाबरली. गुदमरण्याची भीती इतकी जुनी, की तिला अमिग्डलाही लागत नाही.

मग सापाची भीती कुठली? सहा महिन्यांच्या बाळाला सापाचं चित्र दाखवलं, की त्याच्या बाहुल्या माशाच्या चित्रापेक्षा जास्त विस्फारतात. पण बाळ रडत नाही. प्रयोगशाळेत वाढलेली माकडंही सापाला भीत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना चित्रफितीत पाहिलं, की ती लगेच शिकली. तीच फीत बदलून फुलाला घाबरणारं माकड दाखवलं, तर मात्र शिकली नाहीत. म्हणजे उपजत असते ती नांगरलेली जमीन. बी कुणीतरी टाकावं लागतं.

या जमिनीला गणित येत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज आहे. दर नऊ मिनिटांना एक. वाघांनी २०२२ या वाईट वर्षात देशभरात शंभराहून थोडी अधिक माणसं मारली, त्यांत ऐंशीच्या वर महाराष्ट्रातली. साप पाचशेपट घातक ठरतो. आणि डास? मलेरियात गडचिरोली वर्षानुवर्षं राज्यात पुढे, पण कानाशी गुणगुण आली म्हणून कुणाचा हात गोठत नाही. हात चापट मारतो.

मात्र जंगलाकाठच्या माणसाला देशाची सरासरी काय कामाची? चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात १० मे २०२५ रोजी तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाने एकाच दिवशी मारल्या. त्याआधी ‘सीटी-१’ असं सांकेतिक नाव दिलेल्या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत १३ बळी घेतले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोलीतल्या वडसा भागात तो जेरबंद झाला. पण भीती पिंजऱ्यात जात नाही. शिकलेली भीती पुसली जात नाही. ‘आता धोका नाही’ ही नवी आठवण तिच्यावर बसते आणि एका खुणेसरशी खालची पुन्हा वर येते. काही आठवणी तर नावातच मुरतात. वाघाशी झुंजताना गेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून ताडोबा हे नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. आज त्या नावाचा व्याघ्रप्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे.

संध्याकाळी अंगणात पुडे बांधायला घर बसतं. आजी मोजते, नातू पानं सारखी करून देतो. एक्केचाळीस, बेचाळीस... तेवढ्यात नाल्यापलीकडे चितळ ओरडतं, मग वानर खोकतं. शहरातल्या पाहुण्याला ते नुसते आवाज. आजीचा हात मात्र पानावर थांबतो.

नातवाने वाघ कधी पाहिलेला नाही. तो आजीच्या हाताकडे पाहतो.