प्री-वेडिंगचा फोटो : जागा वेगळी असू द्या, कर्ज कशाला?



तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते आणि गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्याही वाढतात. मंडप, जेवणावळ, बस्ता हे नेहमीचे विषय. आता त्यात 'प्री-वेडिंग'ची भर पडली आहे. म्हणजे लग्नाआधी नवरा-नवरीचे एखाद्या वेगळ्याच ठिकाणी काढलेले फोटो. कुणाला किल्ला हवा, कुणाला समुद्र, कुणाला महाबळेश्वर. पोरींची हौस आहे, ती व्हायलाच हवी. पण फोटो चांगला कशानं येतो हे आधी समजून घेऊ. मग लांब जायचं की नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

आधी उजेड, मग जागा

दुपारी बाराला ऊन डोक्यावरून पडतं. डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या येतात, डोळे बारीक होतात. हजारो रुपये मोजून गेलात तरी त्या वेळचा फोटो फिकाच. सूर्य उगवल्यावरचा आणि मावळण्याआधीचा साधारण एक तास ऊन तिरपं आणि मऊ असतं. तेवढ्या वेळात साधा बांधसुद्धा सुंदर दिसतो. लांबच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत नेमका हाच तास प्रवासात जातो.

आपल्या गावातल्या जागा

घराचा उंबरठा घ्या. जोडीला दाराच्या आत, अंगणाकडे तोंड करून उभं करा. अंगणातला उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागचं घर अंधारात राहतं, त्यामुळे चेहरा उठून दिसतो. स्टुडिओत दिवे आणि पडदे लावून हेच तर करतात! जुना वाडा, गोठा, धान्याची खोली, कुठंही हे जमतं.

शेतात तुरीची पिवळी फुलं असतात, हुरड्यात आलेली ज्वारी असते. उसाला तुरे आले असतील तर संध्याकाळी सूर्य तुऱ्यांच्या मागे येईल असं उभं राहा, तुरे चमकतात. गुऱ्हाळावरची वाफही तिरप्या उन्हात छान दिसते. मात्र उकळत्या काहिलीपासून लांबच थांबा, पदराचं भान राहत नाही.

आणि ज्या विहिरीवर आजीनं पाणी भरलं, ज्या रानात आईनं खुरपणी केली, तिथला फोटो पुढं मुलांना दाखवताना सांगण्यासारखं काहीतरी असतं.

कुठं जपायचं

सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावात शाहू महाराजांच्या काळातली बारा मोटांची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव. आत दगडी पायऱ्या आहेत, महाल आहे. अशा जागा बघाव्यात, फोटोही काढावेत, पण काठावर बसून नाही. "अजून थोडं मागं" असं फोटोवाला म्हणतो आणि तिथंच घात होतो. धरणाची भिंत, धबधबा, नदीचा डोह इथंही तेच. नऊवारी किंवा घागरा भिजला की इतका जड होतो की पोहणारीलाही हात-पाय मारता येत नाहीत.

रेल्वे रुळावर तर जायचंच नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. रायगड, शनिवारवाडा अशा पुरातत्त्व खात्याकडच्या ठिकाणी व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर आधी परवानगी लागते. ती न घेता गेलात तर गाडीभाडं वाया.

हिशोब मांडून बघा

समजा, यासाठी गटातून 30,000 रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा 2 आणि मुद्दल महिन्याला 3,000 प्रमाणे दहा हप्त्यांत फेडलं. पहिल्या महिन्याचं व्याज 600 रुपये, मग ते दर महिन्याला 60 रुपयांनी कमी होत जातं. दहा महिन्यांचं एकूण व्याज 3,300 रुपये होतं. म्हणजे फोटो पडले 33,300 ला. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल तर तो घालून बघा. याच पैशात शेळी येते का, शिलाई मशीन येतं का, हे बैठकीत मोकळेपणानं बोला. कर्ज मागणारीला कुणी टोमणा मारू नका, फक्त आकडे समोर ठेवा.

फोटो कुणाचे?

याचा विचार सहसा कुणी करत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी काढून घेणाऱ्याची असते. पण वेगळा करार केला असेल तर तसं राहत नाही. म्हणून फोटोवाल्याच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा. बिलावर मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घाला. "दोघांना विचारल्याशिवाय फोटो इंस्टाग्रामवर किंवा जाहिरातीत टाकायचे नाहीत," हे तिथंच लिहून घ्या. पुढं काही कारणानं लग्न मोडलं, तर याचा त्रास जास्त मुलीलाच होतो.

आणि मुलीलाही विचारा. तिला असे फोटो नको असतील, किंवा एखादा कपडा, एखादी पोझ नको असेल, तर "सासरचे म्हणतात" म्हणून तिला गप्प करू नका. फोटोला जाताना तिच्यासोबत बहीण, मैत्रीण किंवा मावशी असू द्या.

आपल्याला यातून काही मिळेल का?

मिळू शकतं. शहरातल्या जोड्यांना गावाकडचे फोटो आवडतात. तुमच्या गटातल्या कुणाकडं जुना वाडा किंवा मळा असेल तर जागेचं भाडं, कपडे बदलायला स्वच्छ खोली आणि संडास, नऊवारी नेसवून देणं, पिठलं-भाकरीचं जेवण असं सगळं मिळून एक दर ठरवता येतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि पावती द्या. पीक तुडवलं तर भरपाई किती, हेही आधीच बोलून घ्या.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. आपल्या गावातल्या पाच चांगल्या जागा, तिथं ऊन कधी चांगलं असतं आणि परवानगी कुणाची लागेल, हे इतिवृत्ताच्या वहीत लिहा. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्या ताईंना ती यादी आधी दाखवा.