मे महिन्यात एमसीबी पडतो, म्हणून किटकॅट बरा?

जळगाव-धुळ्याच्या जुन्या घरांत मीटरशेजारी लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज अजून दिसतात. फ्यूज तसा प्रामाणिक, बेइमानी होते ती तारेत. तो उडाला की कुणीतरी केबलचे चार-पाच तांब्याचे पदर पिळून बसवतं. मग तार शाबूत राहते आणि भिंतीतली वायर तापते. कूलर-एसीच्या दिवसांत तर जास्तच.

‘एमसीबी उन्हाळ्यात सारखा पडतो, त्यापेक्षा फ्यूज बरा’ ही तक्रार खोटी नाही. घरगुती एमसीबीचं रेटिंग साधारण 30 अंश तापमान धरून ठरवलेलं असतं. बाहेर 44-45 अंश असताना उन्हाच्या भिंतीवरच्या बंद डब्यात तो लवकरच पडणार. पण म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवणं म्हणजे पुन्हा तीच जाड तार. त्यापेक्षा लोड दोन सर्किटांत वाटा, डबा सावलीत हलवून घ्या. शिवाय एमसीबी शॉकपासून माणसाला वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो (कूलरचा ओला पत्रा आठवा), आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहायचं. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी टर्मिनलं जिवंतच असतात, तेव्हा झाकण उघडायचं काम परवानाधारक वायरमनचंच.