नदीचा श्वास का कोंडतो?

उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पहिला पाऊस पडून गेल्यावर एक बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हमखास येते: अमुक नदीत, तमुक बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच. आपला पहिला संशय विषावर जातो. कुठल्यातरी कारखान्याने घातक रसायन सोडले असेल, असे आपण म्हणतो. कधी हा संशय खराही ठरतो. पण पुष्कळदा पाण्यात विष नसतेच. असते ते अन्न, आणि त्यातले बरेचसे आपल्याच घरातून गेलेले. अन्नाने मासे कसे मरतील? याचे उत्तर शोधण्यासाठी आधी पाण्यात प्राणवायू किती असतो ते पाहू.

तुटपुंजी शिदोरी

मासे पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन वापरतात, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. तसे नाही. हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि तोच मासे कल्ल्यांतून घेतात. हा साठा फारच थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात मात्र तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे माशांना आपल्यापेक्षा तीस पटींहून विरळ साठ्यावर जगावे लागते.

पाणी तापले की हा साठाही घटतो. शून्य अंशाला १४.६, वीस अंशाला ९.१ आणि तीस अंशाला ७.५ मिलिग्रॅम अशी उतरण आहे. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते. लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे अस्वस्थ होतात. २ च्या खाली फारच थोड्या जाती तग धरतात.

चमचाभर साखरेचा हिशेब

आता वर्गात एक गणित घालू. पाण्यात साखर पडली की जिवाणू ती खातात आणि आपल्यासारखेच श्वसन करतात. रासायनिक समीकरण मांडले तर ३४२ ग्रॅम साखरेच्या पूर्ण विघटनाला ३८४ ग्रॅम प्राणवायू लागतो, असे दिसते. म्हणजे एका लहान चमच्यातल्या ५ ग्रॅम साखरेला सुमारे ५.६ ग्रॅम, अर्थात ५६०० मिलिग्रॅम. लिटरला ८ मिलिग्रॅम या दराने ५६०० मिलिग्रॅम प्राणवायू किती पाण्यात असेल? ७०० लिटर! एक चमचा साखर साडेतीन पिंप पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते.

साखरेच्या जागी आता सांडपाणी ठेवू. मैला, खरकटे, भाताची पेज, ताक, साबणाचा फेस हे सगळे जिवाणूंचे खाद्य. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याला सुमारे ४५ ग्रॅम प्राणवायू लागतो, असे अभियंते धरतात. हा झाला साडेपाच हजार लिटरहून जास्त पाण्यातला प्राणवायू. पन्नास हजार वस्तीच्या गावाचा हिशेब रोज २८ कोटी लिटरवर जातो. एवढे पाणी पुरवायचे तर नदीला सेकंदाला सव्वातीन घनमीटर वाहावे लागेल. दख्खनच्या पठारावरच्या किती नद्या एप्रिल-मे महिन्यांत एवढ्या वाहतात?

अर्थात नदी म्हणजे बंद बाटली नव्हे. खडकांवरून खळाळताना ती हवेतून नवा प्राणवायू घेत राहते. वाहते पाणी निर्मळ राहते, या आपल्या अनुभवात तथ्य आहे. मात्र त्यासाठी वेळ आणि अंतर लागते. दोन गावांत दहा-पंधरा किलोमीटर मोकळे पात्र होते तेव्हा हे जमत होते. आता एका गावाची घाण पचण्याआधीच दुसऱ्याचे गटार येऊन मिळते. शिवाय पाणी जागोजागी अडवल्याने प्रवाह मंदावला आहे. तळाशी गाळ साचतो, आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्याने तो ढवळला गेला की एका रात्रीत प्राणवायू खाली येतो.

मापण्याची रीत

सांडपाणी किती ‘भुकेले’ आहे हे मोजण्याच्या मापाला जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच बी.ओ.डी. म्हणतात. नमुना बंद बाटलीत अंधारात ठेवायचा आणि ठरावीक दिवसांत किती प्राणवायू संपला ते पाहायचे. ही रीत ब्रिटनमधल्या सांडपाणी आयोगाच्या १९१२ च्या अहवालापासून रूढ झाली. आज ती चाचणी २० अंशांवर पाच दिवस करतात. आपल्या उष्ण हवामानासाठी भारतात २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणीही मान्य आहे.

आंघोळीयोग्य नदीच्या पाण्याची बी.ओ.डी. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, असे आपले मानक सांगते. घरगुती सांडपाण्याची ती २०० ते ३०० असते. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याची ४०,००० च्याही पुढे जाते. या सांडपाण्याचा एखादा टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर काय होईल, हे आता वेगळे सांगायला नको.

दुपारी हिरवे, पहाटे मृत

जिवाणूंनी सेंद्रिय घाण पचवली तरी गोष्ट संपत नाही. मागे नत्र आणि स्फुरद उरतात. शेतातून वाहून आलेली खतेही त्यांत भर घालतात. ही वनस्पतींची खते असल्याने पाणी शेवाळाने हिरवे होते. यालाच अतिपोषण म्हणतात.

शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडते. म्हणून दुपारी तपासलेल्या नमुन्यात आकडा उत्तम येतो. रात्री मात्र शेवाळ, जिवाणू आणि मासे असे सगळेच प्राणवायू वापरतात आणि भर घालणारे कोणी नसते. नीचांक येतो पहाटे. मासे उजाडताना मेलेले दिसतात ते म्हणूनच. प्रदूषण नसल्याचा अहवाल कोणी दाखवला तर नमुना किती वाजता घेतला होता, हे विचारायला हवे.

या सगळ्यात कळीचे पोषकद्रव्य कोणते? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका सरोवराच्या चिंचोळ्या भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात हा फरक कोणालाही कळेल इतका ठळक होता. अशा पुराव्यांच्या बळावर साबणचुऱ्यातल्या फॉस्फेटवर तिकडे मर्यादा आल्या आणि ईरी सरोवर बरेच सुधारले. पुढे शेतांतून येणाऱ्या स्फुरदामुळे शेवाळ पुन्हा माजले. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यातल्या विषारी द्रव्यामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या परिसरात चार-पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले.

आपल्याकडे याचे ओळखीचे रूप म्हणजे जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसली की दोन आठवड्यांत दुप्पट होते. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतून ती वर्षानुवर्षे काढली जाते आणि पुन्हा येते. ती प्रकाश आणि हवा अडवते हे खरे, पण ती रोगाचे लक्षण आहे. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली तर तिच्यातली पोषकद्रव्ये पुन्हा नदीतच जातात.

उपाय कोठे आहे?

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात निसर्गाहून वेगळे काही घडत नाही. जिवाणूंना टाकीतच खाऊ घालायचे आणि पंपाने भरपूर हवा द्यायची, म्हणजे ते नदीतला प्राणवायू मागत नाहीत. स्फुरद काढायला मात्र आणखी एक टप्पा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२०० कोटी लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यातल्या सुमारे २००० कोटी लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. बाकीचे जिवाणू नदीच्याच ताटात जेवत होते.

करून पाहा

तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत विहिरीचे पाणी, दुसरीत ओढ्याचे किंवा तळ्याचे, तिसरीत तेच ओढ्याचे पाणी अधिक एक चमचा दूध. प्रत्येकीत मेथिलिन ब्लूचे काही थेंब टाकून पाणी फिकट निळे करा. बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बुचे लावा आणि अंधारात ठेवा. प्राणवायू संपला की निळा रंग जातो. कोणती बाटली किती तासांनी रंगहीन झाली, याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्या. मग त्या बाटलीतले थोडे पाणी ओतून टाका, बूच लावून ती जोरात हलवा. हवा मिसळली की निळा रंग परत येईल. प्रयोगानंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.

त्यानंतर आपल्या गावाचे गटार नदीला कोठे मिळते, वरच्या गावाचे कोठे मिळते आणि मधले अंतर किती, हे विद्यार्थ्यांना नकाशावर दाखवायला सांगा. हे अंतर नदीचा श्वास परत यायला पुरेसे आहे का, याची चर्चा वर्गात नक्की रंगेल.