अंगठी घेताना बिलही वाचा

साखरपुड्याची अंगठी बहुतेक घरांत हॉल, जेवण आणि साड्या यांच्या धावपळीत एखाद्या दुपारी उरकली जाते. पेढीवरच्या प्रखर दिव्यांखाली साधा अमेरिकन डायमंडही झगमगतो. म्हणून आवडलेली अंगठी दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. चांगला सराफ त्याला नाही म्हणत नाही.

आधी सोनं. पाटल्या-बांगड्यांना आपण २२ कॅरट घेतो, म्हणजे ९१.६ टक्के सोनं. हिऱ्याच्या अंगठीला मात्र १८ कॅरट बरं. त्यात सोनं ७५ टक्के, बाकी तांबं-चांदीसारखे धातू. त्यांच्यामुळे खडा धरणाऱ्या बारीक नख्या टणक राहतात. ‘अठराचं कसलं सोनं!’ ही आजीची नाराजी समजण्यासारखी आहे, पण रोज हातात राहणाऱ्या अंगठीतला खडा टिकायला हवा.

अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून तीन गोष्टी दिसायला हव्यात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, ‘२२के९१६’ किंवा ‘१८के७५०’ अशी शुद्धता आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथेच काउंटरवर तो टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. अंगठीऐवजी दुसरंच काही दिसलं, तर तिथेच थांबा.

खरी गोम वजनात असते. समजा, अंगठी काट्यावर ४ ग्रॅम भरली आणि तिच्यात ४० सेंटचे हिरे आहेत. १०० सेंटचा एक कॅरट आणि एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. म्हणजे हिरे ०.०८ ग्रॅम, सोनं ३.९२. हिऱ्यात हा फरक किरकोळ वाटेल, पण अमेरिकन डायमंड तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जड असतो, आणि तो सोन्याच्या भावात मोजला गेला तर चांगलाच भुर्दंड बसतो. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि किंमत, घडणावळ हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. ३ टक्के जीएसटी या एकूण रकमेवर लागतो, म्हणून घडणावळीत घासाघीस करायला संकोचू नका.

हिऱ्याची चमक मुख्यतः पैलूंवर ठरते. पैलू चांगले असतील तर थोडा लहान हिराही उठून दिसतो. ‘४५ सेंट’ ऐकून भुलू नका: पाच-पाच सेंटचे नऊ हिरे एका ४५ सेंटच्या हिऱ्यापेक्षा खूप स्वस्त असतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही खरा हिराच, कार्बनचाच; नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तो खुशाल घ्यावा, मात्र त्याच्याच भावात. खाणीतल्या हिऱ्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त मिळतो आणि परत विकताना फारसं काही हाती येत नाही. त्यामुळे हिरा कुठला, हे बिलावर आणि प्रमाणपत्रावर स्पष्ट हवं. परत घेताना सोन्याचे किती आणि हिऱ्याचे किती देणार, हेही लेखी घ्या.

माप मुलीचं नि मुलाचं प्रत्यक्षच घ्या, तेही संध्याकाळी. सकाळच्या गारव्यात बोट बारीक असतं. पूर्ण वेढ्याला खडे असलेली अंगठी नंतर सैल-घट्ट करणं फार अवघड जातं. पैसे देण्याआधी ओढणीचा पदर खड्यावरून हलकेच फिरवा. धागा अडकला, तर नख्या नीट बसवून मगच अंगठी घ्या.