दीड मीटर खाली

हरभरा निघाला की आमचा खड्ड्यांचा हंगाम सुरू होतो. शेत दर्यापूर तालुक्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं. बांध, विहीर, उकिरडा यांच्यापासून लांबची जागा धरून साधारण दीड मीटर खोल खणायचं. ऊन सरळ पडेल अशी एक भिंत राखून ठेवायची. त्या बाजूच्या काठावर कुणी पाय द्यायचा नाही, खणलेली मातीही टाकायची नाही. आम्हाला वाचायची असते ती हीच भिंत.

उतरल्यावर पहिलं काम चाकूचं. कुदळीने लिंपल्यासारखी झालेली माती टोकाने उकरून काढली की ढेकळं आपापल्या सांध्यावर सुटतात. वरचा वीतभर थर भुसभुशीत, मुळ्यांनी भरलेला. खाली जावं तशी माती आवळत जाते. दोनेक फुटांवरचं ढेकूळ दोन्ही हातांनी दाबलं तर ते तिरकं फुटतं आणि फुटलेली बाजू उन्हात चकाकते. बोट फिरवलं तर पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत, वर बारीक रेघा. बेसाल्टपासून झालेल्या या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. ती पाण्याने फुगतात, वाळली की आकसतात. खोलवर फुगायला जागा नसते, म्हणून मातीचे तुकडे एकमेकांवर घासत सरकतात, आणि त्या घासण्याने ही चकाकी येते. ज्या जमिनीला आपण स्थिर म्हणतो ती दर पावसाळ्यात आतून हलत असते. इतक्या वर्षांनंतरही ती चकाकी पाहून मला हरखायला होतं.

मग प्रत्येक थराचा रंग मन्सेलच्या रंगवहीतल्या चौकटींशी ताडायचा. ओली माती अंगठ्याने पुढे सारत तिची पट्टी किती लांब निघते ते पाहायचं. भिंतीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत खाली यायचं. खालच्या थरांत चुनखडीच्या खड्यांवर ते जोरात फसफसतं. इथे ही फसफस दुखणं सांगते. कोरड्या हवामानात मातीतल्या पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं, आणि मातीच्या कणांवरची त्याची जागा हळूहळू सोडियम घेतं.

शेताचे मालक काठावर बसून सगळं बघत होते. "वरतून पाह्यलं तं सोनं हाये जी," ते म्हणाले. "पन पानी पडलं का आठ-आठ दिस वाफसाच येत नाई."

मी दोन ग्लासांत डिस्टिल्ड पाणी घेतलं. एकात वरच्या थराचा खडा सोडला, दुसऱ्यात तीन फुटांवरचा. वरचा फुटून तळाशी बसला, पाणी मात्र नितळ राहिलं. खालच्या खड्याभोवती थोड्या वेळाने धुरकट वलय उठलं आणि ते पसरत गेलं. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरत नाहीत. सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि जमिनीतली बारीक छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरणार कुठून? पुस्तकात जमीन चोपण ठरवायला कणांवरच्या सोडियमचं प्रमाण १५ टक्के धरतात. पूर्णा नदीच्या या खोऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी प्रमाणातही निचरा बिघडलेला दिसतो.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत नत्र, स्फुरद, पालाशापासून जस्त, बोरॉनपर्यंत १२ गोष्टी असतात, आणि ती उपयोगाचीही आहे. पण तिचा नमुना वरच्या वीतभर मातीचा. कपाशी आणि तुरीची मुळं त्याच्या कितीतरी खाली जातात, आणि या पट्ट्यात पिकाचा निकाल तिथेच लागतो. गावागणिक निदान एक खोल खड्डा आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत, एवढं तरी व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

नमुने तळापासून वर घेत यायचे. उलट केलं तर वरची माती खालच्या थरावर सांडून तो भेसळतो. पिशव्यांवर खोली लिहून होईतो मालकांनी विचारलं, जिप्सम टाकू का? टाकावं, पण चर काढल्याशिवाय नाही. जिप्समचं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं. ते सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेलं नाही, तर खर्च वाया. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ते द्यायचं नाही. शेततळ्यात पावसाचं धरायचं. जिप्सम एकरी किती, ते तीन फुटांवरच्या पिशवीचा अहवाल आल्यावर सांगते म्हटलं. त्यांनी चर कोणत्या बाजूने काढायचा ते विचारलं, आणि उतार बघायला आम्ही नाल्याकडे निघालो.